वाचून घेणं आणि वाचून दाखवणं

(स्मृती व्याख्यानमालेत जालना शहरात दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

समोर बसलेले माझे शिक्षक बंधू-भगिनी, अंगणवाडीच्या ताई, आणि जिच्यासाठी मी खरं म्हणजे आले ती, मांडीवर लेकरू घेऊन बसलेली आई. आणखी एक वर्ग या सभागृहात आहे. तो मागं सतरंजीवर चुळबुळ करतोय. त्यांनाही नमस्कार. कंटाळा आला तर त्यांनी खुशाल बाहेर जाऊन खेळावं. आज मी हजेरी घेणार नाही.

जालन्यात कुणी शिक्षणावर बोलायला उभं राहिलं की पाचव्या मिनिटाला बियाण्याची उपमा येते. साहजिक आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून हे बियाण्याचं गाव. पण मूल म्हणजे बियाणं आणि शिक्षक म्हणजे शेतकरी, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्या उपमेवरची माझी श्रद्धाच उडालीय. बियाण्याला कुणी गोष्ट वाचून दाखवत नाही. आणि मला आज तेवढ्यावरच बोलायचंय.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो, त्यांच्या हाताखाली मी नोकरीची पहिली दोन वर्षं काढली. दोनशिक्षकी शाळा. पत्र्याची एक खोली आणि एक व्हरांडा. शाळा सुटायच्या आधी पंधरा मिनिटं गुरुजी व्हरांड्याच्या पायरीवर बसायचे, पिशवीतून एक पुस्तक काढायचे आणि मोठ्यानं वाचायला लागायचे. चारी वर्ग समोर धुळीत. वाचून झालं की पुस्तक पिशवीत, घंटा, आणि पोरं घरी. प्रश्न नाही, तात्पर्य नाही, उद्या पाठ करून या नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, ‘गुरुजी, हा तास वेळापत्रकात दिसत नाही.’ गुरुजी म्हणाले, ‘नाही साहेब. म्हणूनच पोरं त्याच्यासाठी थांबतात.’

मी तेव्हा तेवीस वर्षांची. नवं डी.एड., नवा उत्साह, पाठ टाचणाची नवी वही. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, दिवसभर दमतो, शेवटची पंधरा मिनिटं कशीतरी ढकलतो. ते काय करत होते हे मला उमगायला पुढची पंचवीस वर्षं लागली. तेव्हा गुरुजी राहिले नव्हते. त्यामुळं आजचं व्याख्यान म्हणजे एका अर्थी उशिरा दिलेला कबुलीजबाब आहे.

कबुली अशी. मी जवळपास सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. दर वर्षी जूनमध्ये शाळा भरली, प्रवेशोत्सव झाला, फुगे फुटले, गुलाबाची फुलं सुकली, की पहिल्या पालकसभेत माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘रोज रात्री लेकराकडून एक पान वाचून घ्या.’ वाचून घ्या. आया माना डोलवायच्या. मला वाटायचं, आपण फार मोलाचं सांगितलं.

मग एकदा एका मुलाच्या घरी जाणं झालं. पोरगा आठ दिवस शाळेत आला नव्हता. बाप इथल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. पाळी संपवून नुकताच आलेला, डोळे भट्टीच्या धगीनं लाल. मला पाहून तो ओशाळला आणि मला दाखवावं म्हणून त्यानं लगेच पोराला हाक मारली, ‘आण रे पुस्तक. बाईला वाचून दाव.’ पोरगं आलं. पुस्तक उघडलं. दुसऱ्या ओळीत एका जोडाक्षराशी अडलं. बाप म्हणाला, ‘वाच.’ पोरगं गप्प. बाप म्हणाला, ‘वाच की, इतकं बी येईना का?’ पोरानं मान आत ओढून घेतली. कासव ओढतं तशी. पुढं काय होतं ते त्या मानेला पाठ होतं. माझ्यासमोर बापाचा हात उठला नाही, पण रोज उठत असणार, हे मला कळलं. आणि तो हात कुणाच्या सांगण्यावरून उठत होता? माझ्या. ‘वाचून घ्या’ असं मीच सांगितलं होतं.

आपल्या भाषेनं इथं एक बारीक भेद करून ठेवलाय. वाचून घेणं वेगळं आणि वाचून दाखवणं वेगळं. पैसे घेतो, हिशोब घेतो, जबाब घेतो, परीक्षा घेतो, तसं वाचून घेतो. घेणारा वर, देणारा खाली. आणि दाखवतो काय आपण? चांदोबा दाखवतो. जत्रा दाखवतो. गायीचं नवं वासरू दाखवतो. खरं पाहिलं तर वाचलेलं कानांनी ऐकायचं असतं, तरी मराठी माणूस ‘वाचून ऐकवलं’पेक्षा ‘वाचून दाखवलं’ असंच जास्त म्हणतो. जणू पुस्तकात काहीतरी लपलेलं आहे आणि ते आपण लेकराला बोट करून दाखवतोय. सहा वर्षांच्या पोराला आधी दाखवायचं असतं, मग घ्यायचं. आम्ही उलटं केलं. दाखवायच्या आधीच वसुलीला निघालो.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या घरात मोठ्यानं वाचणं तर नेहमीचंच होतं. होतं ना. मलाही आठवतं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘मोठ्यानं वाच, मला ऐकू आलं पायजे.’ ते कशासाठी? पोरगी अभ्यास करतेय का खिडकीतून बाहेर बघतेय, हे तव्यावरची भाकरी न सोडता कळावं म्हणून. तो पहारा होता. भूगोलाचा धडा म्हणता म्हणता मधेच गाणं घुसडलं तरी आईला पत्ता लागायचा नाही. चाल तीच ठेवली की झालं. (हसू नका. तुम्हीही केलंय.)

आणि हे फक्त घराचं नाही. २००५ पासून ‘असर’चा सर्व्हे देशभरातल्या खेड्यांत होतो. त्यात पोरांना आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. चांगलं काम आहे. त्या आरशात आपलं तोंड दिसलं म्हणून तर राज्यं हलली. पण आरसा रोज रोज दाखवल्यानं तोंड धुतलं जात नाही. शाळा वाचून घेते, शिकवणी वाचून घेते, सर्व्हे वाचून घेतो. वाचून दाखवतो कोण?

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येते. ‘वाचून दाखवणं’ म्हटलं की पुष्कळांना वाटतं, हे शहरातलं फॅड आहे, इंग्रजी घरांत रात्री झोपताना करतात ते. इंग्लंडात १९९२ साली बर्मिंगहॅममध्ये तीनशे बाळांना पुस्तकं देऊन ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं, हे खरं आहे. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या मराठवाड्याच्या गावात श्रावणात पोथी लागत होती का नाही?

आठवा जरा. ‘पोथी लावली’ असाच शब्द होता. मारुतीच्या देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीत कंदील, पाट, त्यावर लाल फडक्यात बांधलेला श्रीधरस्वामींचा हरिविजय नाहीतर पांडवप्रताप, कुठं महिपतीबुवांचा भक्तिविजय, कुठं नवनाथ. वाचणारा एक. त्याच्या शेजारी अर्थ सांगणारा दुसरा. आणि ऐकणारं सगळं गाव. त्यात अक्षर ओळखणारे किती? बोटावर मोजण्याइतके. हा निजामाचा मुलूख. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, १९१८ साली हैदराबादला विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. शाळेत उर्दू शिकून आलेला माणूस रात्री ओसरीवर ओवी वाचायचा. १९४८ पर्यंत आमच्या आजोबांच्या पिढीची पुस्तकी मराठी शाळेनं नाही, पोथीनं सांभाळली. आणि मुख्य म्हणजे कानानं सांभाळली.

पोथी वाचणारा कधी समोरच्या म्हातारीला म्हणाला का, ‘काय कळलं सांग’? नाही. तिच्याकडून कुणी वाचून घेतलं का? नाही. पण दहा श्रावण बसलेल्या म्हातारीला कुठल्या अध्यायात काय येतं हे वाचणाऱ्याच्या आधी ठाऊक असायचं.

आणि ज्या दासबोधाची पारायणं आपण करतो, त्याचा कर्ता तर आपल्याच जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यातलं जांब. त्या ग्रंथात एक पूर्ण समास लिहिण्यावर आहे. अक्षर वाटोळं, मोकळं कसं काढावं, ओळी कशा राखाव्यात, इतक्या बारकाईनं सांगितलंय की मला पहिलीच्या बाईचा भास होतो. पण मला याहून जास्त आवडतं ते दासबोधाचं पहिलं पाऊल. ग्रंथाची सुरुवात श्रोत्याच्या प्रश्नानं होते. हा ग्रंथ कुठला, यात आहे काय, ऐकून मिळेल काय, असं श्रोते आधी विचारतात आणि मग रामदास बोलायला लागतात. एवढा मोठा अधिकारी पुरुष, पण पहिला शब्द त्यानं ऐकणाऱ्याला दिला. सहा वर्षांचं पोर नवं पुस्तक हातात घेऊन नेमकं हेच विचारतं. ‘ह्याच्यात काय हाय?’

श्रोत्याचं नाव निघालं म्हणून हुंकाऱ्याबद्दल बोलते. आजी गोष्ट सांगायची तेव्हा अट असायची, हुंकारा दे. ‘हूं’ म्हण. हुंकारा थांबला की आजी समजायची, पोर झोपलं, गोष्ट उद्या. म्हणजे गोष्ट ही एकट्याची नव्हतीच. एक सांगणारा, एक हूं म्हणणारा. या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत स्त्रियांची साक्षरता साठ-एकसष्ट टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे दहातल्या चार बायांना वाचता येत नव्हतं, आणि त्यातल्या पुष्कळजणी आज आज्या आहेत. त्यांना मी पालकसभेत काय तोंडानं सांगणार, वाचून दाखवा म्हणून? फार वर्षं मी सांगितलंच नाही. त्यांना आम्ही ‘निरक्षर पालक’ या रकान्यात टाकलं आणि पुढं गेलो.

त्या रकान्यातली एक आजी मला मंठा तालुक्यातल्या एका गावात भेटली. तुम्हाला त्या भागाची रीत ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादम येतो, उचल दिलेली असते, आणि कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. काही लेकरं आई-बापाबरोबर फडात जातात. तिथं कुठं साखरशाळा असते, कुठं नसते. काही मागं आजीजवळ राहतात, त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृहाचं जेवण असतं, आणि रात्री ती आजीच्या कुशीत. पाच-सहा महिने घरात दोन पिढ्या. मधली पिढी उसात.

या घरात दोघी बहिणी होत्या. थोरली चौथीत, धाकटी माझ्या पहिलीत. मी थोरलीच्या हाती सोळा पानांचं एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं. एका हट्टी शेळीची गोष्ट. सांगितलं एवढंच, की धाकटीला रोज रात्री वाचून दाखवायची, तिच्याकडून वाचून घ्यायची नाही. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मी सहज त्या वस्तीवर गेले. चुलीसमोर तिघी. आजी भाकरी थापतेय, थोरली पुस्तक घेऊन बसलेली, धाकटी तिच्या मांडीवर रेललेली, बोट चित्रातल्या शेळीच्या शिंगावर. थोरलीला झोप येत होती. तिनं वाचता वाचता दोन पानं एकदम उलटली.

आजीचा हात परातीतच थांबला.

‘आन् ती इहिरीवरची गोष्ट कुठं गेली? शेळी इहिरीवर गेलती की.’

धाकटी ताडकन उठून बसली. तिनं पान मागं उलटलं, विहिरीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि खालच्या ओळीवर टेकवलं. ‘हे बघ आजे, हिथं हाय. हिनं गाळलं.’ थोरलीनं मुकाट्यानं ते पान वाचलं. आजी ‘हूं’ म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी विचारलं, आजी, तुम्हाला कसं कळलं हो? तिला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, ‘पोथीत अध्याय गाळला तं कळतंच की बाई.’

मंडळी, मी तिथं गार झाले. त्या घरात वाचणारी नऊ वर्षांची, शिकणारी सहा वर्षांची, आणि परीक्षक अक्षरशत्रू. आणि तिघी मिळून ते काम असं चोख चाललं होतं की माझ्या वर्गात तसं कधी चाललं नाही. धाकटीला अजून सगळी अक्षरं येत नव्हती. पण विहिरीचं पान कुठलं, विहिरीचे शब्द कुठल्या ओळीत, हे ती बोटानं दाखवत होती. वाचनाची सुरुवात याहून वेगळी काय असते?

तेव्हा ज्या बाईला वाचता येत नाही तिला मी आता हे सांगते: वाचायला घरातलं कुणीही चालेल. चौथीतली ताई, सातवीतला दादा, शेजारची वहिनी. तुम्ही शेजारी बसा आणि हुंकारा द्या. गाळलं तर टोका. ‘मंग काय झालं?’ एवढं विचारा.

तिसरी गोष्ट भाषेची. ती थोडी आमच्या धंद्यातली आहे, पण सांगते, कारण पहिलीत पोर का अडतं त्याचं एक उत्तर त्यात आहे.

आपलं लेकरू घरात काय बोलतं? ‘मपलं दप्तर’, ‘तुपलं काय’, ‘काहून मारायलास’. गोड बोली आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. शाळेतही आणू द्यायची. पण पुस्तकात ‘मपलं’ नाही, ‘माझे’ आहे. आणि ‘माझे’ तर पुण्यातलं पोरही बोलत नाही. तेही ‘माझं’च म्हणतं. ‘त्याने विचारले’, ‘एके दिवशी’, ‘इतक्यात’, असं कुणाच्या घरात कुणी बोलतं का? भाजीवाला ‘इतक्यात’ म्हणतो का? ही पुस्तकी मराठी म्हणजे प्रत्येक मराठी पोराला, शहरातल्या काय आणि खेड्यातल्या काय, थोडी परकीच. मंठा-परतूरकडच्या तांड्यावरच्या पोराला तर दुप्पट परकी, कारण त्याची आई म्हणजे याडी, आणि घरात गोरबोली. जुन्या जालन्यात दखनी बोलणारी लेकरं आहेत, त्यांचंही तेच.

आता विचार करा. ‘विचारले’ हा शब्द ज्या कानानं कधी ऐकलाच नाही, त्या पोरापुढं तो छापून ठेवला आणि म्हणालो, वाच. ते एकेक अक्षर जोडतं. वि, चा, र, ले. जोडून झाल्यावर आतून काही उत्तर येत नाही. ओळखीचं कुणी दार उघडत नाही. मग ते आपल्या तोंडाकडं बघतं. आपल्याला वाटतं, अक्षरं कच्ची आहेत. अक्षरं कच्ची नसतात, कान कोरा असतो. हाच शब्द गोष्टीत वीसदा ऐकलेला असला तर ‘वि’ दिसताच पुढचं आपोआप तोंडात येतं.

आणि आपली लिपी तरी सोपी आहे का? सोपी म्हणतो आपण, बोलतो तसं लिहितो म्हणतो. ‘किती’ लिहून बघा. पहिली वेलांटी क-च्या आधी काढायची आणि उच्चारायची क-च्या नंतर. दुसरी त-च्या नंतर काढायची आणि नंतरच उच्चारायची. ‘सूर्य’मधला र डोक्यावर, ‘चक्र’मधला पोटाखाली. मोठ्या माणसाला हे दिसेनासं झालंय. पोराला दिसतं, आणि ते गोंधळतं. हे फळ्यावर समजावून सांगायला मला दोन महिने लागायचे. मांडीवर बसून ओळीखालून सरकणारं बोट बघणारं पोर ते न सांगता उचलतं. सगळं नाही. पण पुष्कळ उचलतं.

सरकारी पातळीवर काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. कोरोनात मार्च २०२० पासून शाळा बंद, अंगणवाड्या बंद. २०२२ साली पहिलीत येणारं पोर असं होतं ज्यानं अंगणवाडीचं तोंड धड पाहिलं नव्हतं. तेव्हा राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावानं शाळापूर्व तयारी अभियान झालं. प्रथम संस्थेचं त्यात मोठं साहाय्य. शाळेत मेळावा, रांगेनं मांडलेली टेबलं, पोरानं इथं उडी मारायची, तिथं मणी वेगळे करायचे, पुढं चित्राबद्दल बोलायचं. एप्रिलमध्ये एक मेळावा, शाळा भरताना दुसरा, आणि मधे उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतल्या चार-सहा आयांचा गट. आयडिया कार्डं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ. मी तोवर निवृत्त झाले होते, पण सवयीनं जाऊन बसले. आईला शाळेनं पहिल्यांदा ‘सही करा’ सोडून दुसरं काहीतरी सांगितलं, ही फार मोठी गोष्ट होती. मिरच्या मोजणं, मटकी-मूग निवडणं, भांडी लहान-मोठी लावणं, यात बाया रमल्या. पुस्तकाची वेळ आली की मात्र हात आखडायचे. एक तरुण आई, बारावी झालेली, मला म्हणाली, ‘मला मोठ्यानं वाचायची लाज वाटते, सासरे बसलेले असतात.’

ही लाज खरी आहे. तिच्यावर हसू नका. तिला मी म्हणाले, सासऱ्यांसाठी पेपर वाच. तिनं आठ दिवस पेपर वाचला, म्हाताऱ्यानं ऐकला, आणि नवव्या दिवशी नातवाचं पुस्तक पेपरात दडवून वाचलं तर त्यानं तेही ऐकलं. बापांनो, तुमचीही सुटका नाही. पोथी तुम्हीच वाचत होता. ओसरीवर तो आवाज तुमच्या बापाचा होता. तो कधी बंद पडला?

पुस्तकं कुठून आणायची, हा प्रश्न येणारच. उत्तर लांबवत नाही. माधुरी पुरंदऱ्यांची ‘राधाचं घर’, ‘यश’ ही ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं बघा, तुमच्या घरातल्यासारखंच पोर त्यात आहे. प्रथम बुक्सची स्वस्त चित्रपुस्तकं आहेत, त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मोबाइलवर फुकट मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, ते थोरल्यासाठी घ्या, धाकटं आपोआप डोकावतं. आणि शाळेत पुस्तकं असतात. असतात हो. कपाटात असतात. कपाटाला कुलूप असतं. मीही लावलंय ते कुलूप, कारण पान फाटलं तर भरून कोण देणार? एका वर्षी मी ठरवलं, फाटू दे. वर्षाअखेर अकरा पुस्तकं फाटली आणि दोन हरवली. त्या वर्षीचा माझा वर्ग सगळ्यात लवकर वाचायला लागला. कपाट मात्र रिकामं दिसलं म्हणून शेरा मिळाला. गावच्या वाचनालयांचंही तसंच. कायदा १९६७ चा, अनुदान आहे, टेबलावर पेपर आहेत, पेपराभोवती गडीमाणसं आहेत. सहा वर्षांच्या पोरीला तिथं बसायला जागा आहे का, एवढं आज घरी जाताना बघून जा. आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन? तो जरूर करा. फोटोही काढा. सोळा तारखेला काय करता, ते मला सांगा.

पुस्तक अगदीच नसेल तर लग्नपत्रिका घ्या. हसताय, पण आपल्या घरात छापलेला मजकूर म्हणजे तोच. कुळदैवताचं नाव, चि. आणि चि.सौ.कां., आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, लेकरांची नावं. काकाच्या नाहीतर मामाच्या लग्नाला यायचं हं, म्हणून. स्वतःचं नाव छापलेलं बघितलेल्या पोराचा चेहरा बघा एकदा. माझ्या वर्गात एका पोरीनं अशी पत्रिका दप्तरात वर्षभर जपली. ती घडीवर फाटली, तिनं भातानं चिकटवली.

कसं वाचायचं? याची फार शिस्त लावू नका. दहा मिनिटं पुरे. रोज तीच गोष्ट मागितली तर रोज तीच वाचा, तुम्हाला कंटाळा येईल, त्याला येत नाही. ते पाठ म्हणायला लागलं की ‘तू वाचत नाहीस, पाठ म्हणतोयस’ असं म्हणू नका, तो टप्पाच आहे. पान त्याला उलटू द्या. शेवटचा शब्द तुम्ही गिळा, तो बोलेल. आणि हात जोडून विनंती, गोष्ट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ असं विचारू नका. ‘तात्पर्य’ या शब्दानं मराठी पोरांचा जेवढा रस घालवला तेवढा कशानंच घालवला नसेल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींत मांडली. रात्री! धडे नाही म्हटलं त्यांनी. रोज रात्री श्याम सांगतो, बाकीचे ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

मोबाइलवर गोष्ट लावून दिली तर चालेल का, असं एका ताईनं चिठ्ठीवर विचारलंय. लावा. पण मोबाइलला ‘काहून?’ विचारलं तर तो थांबत नाही, एवढं ध्यानात ठेवा. दुसरी चिठ्ठी आहे, मुलगा इंग्रजी शाळेत आहे, मराठी वाचून दाखवलं तर गोंधळ होईल का? नाही होणार. घरात तुम्ही ज्या भाषेत रागावता, त्या भाषेत वाचा.

अध्यक्ष घड्याळाकडं बघायला लागलेत, आणि सतरंजीवरचा निम्मा वर्ग बाहेर खेळायला गेलाय, तर आवरते. आयांनो, तुम्ही आता रिक्षात बसाल. गांधी चमन, मामा चौक, पुढं भोकरदन नाका, ज्याची जशी वाट. रस्त्यात दोन्ही बाजूंना पाट्या आहेत. बियाणे, खते व औषधे. स्टील. मोसंबी ज्यूस. त्या मोठ्यानं वाचत जा. रिक्षावाला आरशातून बघेल, हसेल. हसू द्या. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी शासनमान्य स्वस्त धान्य दुकानाची पाटी लागेल. त्यात जोडाक्षरंच जोडाक्षरं, पण घाबरू नका, बोट दाखवून वाचा. लेकरू विचारील, ‘मान्य म्हंजे काय गं माय?’ घर येईस्तोवर काहीतरी उत्तर शोधून ठेवा.